महाडपर्यंत येणारा समुद्र

रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीच्या परिसरात आषाढात कोसळणारं पाणी ओढ्यांतून, गांधारी-काळ नद्यांतून सावित्रीला मिळतं. वाडीतून समुद्र दिसत नाही. पण ते पाणी झरझर वाहून जाणार की महाडच्या बाजारपेठेत शिरणार, यात समुद्राचा मोठा वाटा असतो. सावित्री बाणकोटला सागराला मिळते, आणि तिथून भरतीचं पाणी खाडीतून थेट महाडच्या वेशीपर्यंत चढतं.

या भरतीनंच महाडला बंदर केलं. गलबतं भरती धरून वर यायची, ओहोटीबरोबर खाली जायची. मोठी महाडच्या अलीकडे दासगावला थांबत, लहान होड्या महाड गाठत. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर हा मुलूख शिवाजी महाराजांकडे आला. पुढे, १७५६ मध्ये, खाडीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह महाडच्या सत्याग्रह परिषदेला आले तेही याच जलमार्गानं. मुंबईहून बोटीनं हरिहरेश्वर, तिथून दुसऱ्या बोटीनं दासगाव, आणि पुढचे सुमारे आठ किलोमीटर पायी.

आज बाणकोटजवळच्या वेसवीहून बागमांडल्याला जाणारी फेरीबोट खाडीच्या दोन्ही तीरांना जोडते. खाडीच्या मुखाशी कोळी, वर महाडला भोई, काठावर कुणबी आणि कोकणी मुसलमानांची गावं अशी इथली वस्ती. जाळं कधी टाकायचं हे घड्याळ नव्हे, तिथी सांगते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानं मात्र मासेमारीला मोठा फटका बसला आहे.

घाटमाथ्यावरचा लोंढा आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की सावित्रीचं पाणी तुंबतं. गाळानं वाढलेली बेटं ते आणखी अडवतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुरानंतर सावित्रीतला गाळ काढण्याचं काम हाती घेण्यात आलं. पण दर पावसाळ्यात डोंगरावरून नवी माती येते, त्यामुळे हे काम एकदाच करून भागणारं नाही. पाणी कुठं अडतं, कुठल्या वळणावर भोवरा धरतं, हे रोज पात्रात उतरणाऱ्या भोई-कोळ्यांना ठाऊक असतं. गाळ काढण्याची जागा ठरवताना त्यांना सोबत घ्यायलाच हवं.