पाच लाखांची यादी

रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ३५अ खाली एखाद्या नागरी सहकारी बँकेवर निर्बंध घालते, तेव्हा शाखेच्या दारावर नोटीस लागते आणि खातेदाराच्या हाती पैशाऐवजी केवळ दावा उरतो. या दाव्याचे पैशात रूपांतर करणारी यंत्रणा म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या, महामंडळाच्या कायद्यातील कलम १८अ नुसार बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यावी, महामंडळाने ३० दिवसांत ती तपासावी आणि पुढच्या १५ दिवसांत कमाल ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम चुकती करावी, असा क्रम ठरला आहे. त्यापूर्वी बँक अवसायनात, म्हणजे कायदेशीर गुंडाळणीत, निघेपर्यंत विम्याचा प्रश्नच येत नसे आणि निर्बंधांचा काळ वर्षानुवर्षे लांबत असे.

कायद्यातले हे ९० दिवस प्रत्यक्षात कारकुनांच्या टेबलावर खर्च होतात. यादीचे एकक खाते नसून ठेवीदार असल्यामुळे, एकाच माणसाची सर्व शाखांतील बचत, चालू आणि मुदत खाती शोधून ती ‘समान अधिकार आणि समान नाते’ या कसोटीवर एकत्र करावी लागतात. मुद्दल व व्याज एकत्र धरले जाते आणि थकीत कर्ज असल्यास ते वजा होते. एका पुस्तकात आद्याक्षरे, दुसऱ्यात पूर्ण नाव, तिसऱ्यात लग्नापूर्वीचे आडनाव, अशा नोंदींतून एकच व्यक्ती सिद्ध करणे हे या कामाचे खरे ओझे. संयुक्त खात्यांचा नियम तर बाहेरच्याला चमत्कारिक वाटावा: पती-पत्नीच्या दोन खात्यांपैकी एकावर पतीचे नाव आधी आणि दुसऱ्यावर पत्नीचे आधी असेल, तर दोन्हींना स्वतंत्र विमासंरक्षण मिळते, क्रम तोच असेल तर मिळत नाही. फॉर्म भरताना सहज लिहिलेला हा क्रम काही वर्षांनी लाखो रुपयांचा निर्णय करतो. त्यातच ठेवीदाराला संमतिपत्र, ओळखपत्रे आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील द्यावा लागतो. ज्याचे सारे व्यवहार त्याच एका बँकेत होते, अशा वृद्ध ठेवीदाराची अडचण नेमकी इथे सुरू होते.

या विम्यामागचे राजकारण जुने आहे. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १९६१ चा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. सहकारी बँकांना ते १९७१ पासून मिळाले, तेही एका अटीवर: बँक गुंडाळण्याचा किंवा संचालक मंडळ बरखास्त करण्याचा आदेश रिझर्व्ह बँक सहकारी संस्थांच्या निबंधकाला देऊ शकेल, अशी दुरुस्ती राज्याने आपल्या सहकार कायद्यात करावी. सहकारी संस्था राज्यसूचीत आणि बँकव्यवसाय संघसूचीत असल्याने विमा हा केवळ दिलासा नव्हता, तर अधिकारांची देवघेवही होती. महाराष्ट्रात सहकारी बँकांची संचालक मंडळे ही स्थानिक राजकारणाची पायरी असल्यामुळे या दुहेरी नियंत्रणाला येथे विशेष धार आली. त्यात विम्याची मर्यादा १९९३ पासून २०२० पर्यंत १ लाखावर थिजून राहिली; ती हलण्यासाठी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा फज्जा उडावा लागला.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी त्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे केवळ १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली, त्याच वर्षीच्या बँकिंग दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे सहकारी बँकांवरील अधिकार वाढवले, मग कलम १८अ आले. मात्र विलीनीकरणाचा मार्ग शोधत असलेल्या बँकेच्या बाबतीत यादी ते रक्कम ही ९० दिवसांची मुदत आणखी ९० दिवसांनी लांबवण्याची सोयही त्याच कलमात आहे. पंजाब अँड महाराष्ट्र बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून आली. त्याहून मोठ्या ठेवी असलेल्यांच्या उर्वरित पैशासाठी विलीनीकरणाच्या योजनेने १० वर्षांपर्यंतचे टप्पे आखून दिले.