दाट उगवले, पण…

तांब्याची कळशी चुलीवर चढली की काळी पडते आणि चिंच लावून घासली की पुन्हा लख्ख होते. त्या काळ्यात काजळीबरोबर तांब्याचे ऑक्साइडही असते. आपण घासून टाकतो त्याच पदार्थासाठी प्रयोगशाळांत मुद्दाम भट्टी लावतात.

स्वच्छ तांब्याचा पत्रा साध्या हवेत ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवावा. त्यावर काळी लव उगवते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या लवेच्या तारा दिसतात. जाडी ३० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा म्हणा ना! बी नाही, साचा नाही. खालचे तांबे ऑक्साइडच्या थरातून वर सरकते आणि तार वाढत जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेली ही कृती इतकी सोपी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही, असे वाटावे.

या तारांकडून हवे असतात ते इलेक्ट्रॉन. जुना टीव्ही लावला की चित्र यायला थोडा वेळ लागे, कारण नळीतला कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सोडत नसे. न तापवता, केवळ विजेच्या ओढीनेही ते काढता येतात. पुंजभौतिकीच्या नियमाने इलेक्ट्रॉन भिंत ओलांडत नाहीत, तिच्यातूनच पार होतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याचे गणित मांडले. सपाट धातूवर त्यासाठी मायक्रोमीटरमागे काही हजार व्होल्ट लागतात. पण देवळाच्या शिखरावरच्या तडितरक्षकाप्रमाणे अणकुचीदार टोकाशी ही ओढ एकवटते, आणि बाहेरून मायक्रोमीटरमागे थोडे व्होल्ट दिले तरी भागते.

मग तारा जितक्या दाट, तितका प्रवाह जास्त? इथेच गोम आहे. खेटून उभ्या तारा एकमेकींची ओढ अडवतात. दोघींत निदान उंचीइतके, जमल्यास दुप्पट अंतर हवे. शेतकरी विरळणी करतो, तसलाच हा प्रकार. छायाचित्रात देखणे दिसणारे दाट रान मोजणीत नापास होऊ शकते.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात या उत्सर्जनाचा अभ्यास अनेक वर्षे चालत आला आहे. अशा मोजणीत नमुना निर्वात पात्रात ठेवतात. आतला दाब वातावरणाच्या अब्जांशाहूनही कमी. समोरच्या चकाकत्या पडद्यावर ठिपके उमटतात. लक्षावधी तारांतून उजळतात त्या मोजक्याच. त्यांतही सर्वांत उंच तारेवर सगळा भार पडतो, ती तापते आणि जळून जाते. उरलेला एखादा वायूचा रेणू टोकावर बसला तरी प्रवाह उडी मारतो.

या तत्त्वावरचे सपाट टीव्ही घरोघरी आलेच नाहीत. कॅनननेही २०१० मध्ये घरगुती संचाचा नाद सोडला. आता आशा आहे ती क्ष-किरणांच्या यंत्रांवर. चीनमधील सन यात-सेन विद्यापीठात झिंक ऑक्साइडच्या तारांपासून सपाट क्ष-किरण स्रोत बनवले गेले आहेत. पण रुग्णाला यंत्राखाली झोपवल्यावर ठिपके लुकलुकून चालणार नाही. म्हणूनच तारा उगवून झाल्या की अभ्यासक तासन्‌तास प्रवाहाचा आलेख पाहत बसतात.