थरथरत्या हाताचा नेम

"पिस्तूल खाली ठेवा. तोंड टार्गेटकडं."

रेंज ऑफिसरचा आवाज चढलेला नाही, पण त्यात सूटही नाही. पहिल्यांदाच मॅचला आलेला मुलगा पिस्तूल हातात घेऊन मित्राशी बोलायला अर्धवट वळला होता. "सॉरी सर," म्हणत तो पिस्तूल टेबलावर ठेवतो, नळीतून केशरी सुरक्षा दोरा आरपार घालतो आणि मगच मागे सरतो. कोणी हसत नाही. इथला प्रत्येक जण कधी ना कधी हेच वाक्य ऐकून शिकलेला आहे.

कोल्हापुरातल्या एका छोट्या क्लबची ही रेंज. रविवारची सकाळ आहे, आठ लेन भरल्या आहेत. दहा मीटर एअर पिस्तूल, चाळीस शॉट्स, वेळ एक तास. चषक नाही, रोख बक्षीस नाही. हौशी नेमबाजांनी आपापसात लावलेली मॅच आहे. तीन नंबरच्या लेनवर गणिताचे निवृत्त सर आहेत, चारवर अकरावीतली मुलगी, पाचवर औषधाच्या दुकानाचे मालक, सहावर बँकेतल्या मॅडम. भिंतीवर राही सरनोबतचं कात्रण फ्रेम करून लावलंय. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकणारी ही मुलगी याच शहरातली. शेजारी स्वप्नील कुसाळे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये रायफलवर ते मिळवलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं. कुस्तीच्या कोल्हापुरात नेमबाजीही मुरली आहे, ती अशी.

सायटर्स, म्हणजे सरावाचे शॉट्स, संपतात. सरावाची कार्डं मागे येतात, मॅचची कार्डं ट्रॉलीवरून पुढे जातात.

"लोड!" आणि पाठोपाठ "स्टार्ट!"

मोठा आवाज होतच नाही. सिलिंडरमधली दाबलेली हवा सुटते, 'टप्प' होतं, लगेच पलीकडे कागदाला भोक पडल्याचा बारीक आवाज. १७ सेंटिमीटरचं चौकोनी कार्ड, मधे सहा सेंटिमीटरहून किंचित लहान काळा गोल, आणि त्याच्या पोटात दहा गुणांचं वर्तुळ. त्याचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तिथं साडेचार मिलिमीटरचा चपट्या तोंडाचा पेलेट पोचवायचा, तोही एका हातानं. दुसऱ्या हाताचा आधार नाही, मनगटाला पट्टा नाही.

मी मागच्या रेषेवरून सरांकडे बघतोय. त्यांचा डावा हात पँटच्या खिशात आहे. उजवा हात टार्गेटच्या वर जातो, सावकाश खाली येतो आणि काळ्या गोलाच्या जरा खाली येऊन ठरतो. ठरतो म्हणायचं, पण नळीचं टोक हलतंय. लक्ष देऊन पाहिलं की सहज दिसतं. मी चार नंबरकडे नजर वळवतो. सोळा वर्षांचा तो हात, पण नळी तिथंही हलतेय; फक्त कमी. मॅडमची हलते, नवख्या मुलाची तर चांगलीच.

हात कोणाचाच थांबत नाही. छातीत ठोका पडतो, श्वास आत-बाहेर होतो, ताणलेला खांदा दमतो, आणि हे सगळं पिस्तुलाच्या टोकाशी उमटतं. नेमबाजी म्हणजे दगडासारखा स्थिर हात, असं बाहेरच्याला वाटतं. रेषेवर उभं राहिलेल्याला कळतं की हलत्या हातानंच दहा मारायचा असतो. नजर समोरच्या फ्रंट साईटवर रोखायची, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्यायचं, आणि बोट न थांबता ट्रिगरवर हळूहळू दाबत न्यायचं. शॉट कुठल्या क्षणी सुटेल हे आपण ठरवायचं नाही.

पाच नंबरवर नेमकं उलटं चाललंय. दुकानदार काका साईट मधोमध आली रे आली की ट्रिगर ओढतात. ट्रॉली मागे येते. दोन भोकं काळ्या गोलाच्या डाव्या बाजूला, खाली. उजव्या हाताच्या नेमबाजानं ट्रिगरला झटका दिला की पेलेट बहुतेक तिकडंच जातो.

काका खुर्चीवर टेकतात, पाणी पितात. प्रशिक्षक जवळ जाऊन हळू आवाजात म्हणतात, "दहा पकडायला जाताय तुम्ही काका. साईट हलू दे की! बोट तेवढं थांबवू नका."

"आणि नाहीच जमलं तर?"

"हात खाली घ्यायचा. परत उचलायचा. वेळ हाय अजून."

काका उठतात. हात वर, खाली, साईटवर. सेकंदं जातात. शॉट सुटत नाही, आणि ते पिस्तूल टेबलावर टेकवतात. मला सकाळभरात पाहिलेल्या सगळ्या शॉट्सपेक्षा हा न मारलेला शॉट मोलाचा वाटतो. घड्याळ पळत असताना, शेजारी टपाटप आवाज होत असताना 'आत्ता नाही' असं स्वतःला सांगणं सोपं नाही. काका श्वास सोडतात, पुन्हा हात उचलतात. टप्प. नऊ.

"स्टॉप! अनलोड!"

केशरी दोरे पुन्हा नळ्यांत जातात. रेंज ऑफिसर एकेक पिस्तूल तपासत पुढे सरकतात. मग कार्डं गोळा होतात आणि सगळे ती अदलाबदलीनं तपासायला बसतात, कारण आपलं कार्ड आपण मोजायचं नाही हा इथला रिवाज. सरांच्या हातात मुलीची कार्डं येतात, मुलीच्या हातात सरांची. बेरजा होतात. दोघंही सारख्याच गुणांवर.

सर मात्र एक कार्ड बाजूला काढून उजेडात धरतात. "हा नऊ लावलाय मी. पण रेषेला लागलाय असं वाटतंय. गेज आणा जरा."

"असू दे ओ सर," मुलगी म्हणते.

"असू दे कसं? लागला असेल तर तो तुझा हाय."

रेंज ऑफिसर भोकात गेज घालतात, भिंग धरतात. गेजची कड दहाच्या रेषेला टेकलेली आहे. रेषेला स्पर्श झाला की वरचा गुण मिळतो. नवाचा दहा होतो, आणि एका गुणानं मॅच मुलीची होते. सर स्वतःच्या पेनानं आकडा बदलतात, खाली सही करतात.

कॅमेरा नाही, पंचांचं मंडळ नाही, हरण्या-जिंकण्यावर काही अवलंबूनही नाही. म्हणूनच या सहीची किंमत मोठी. हातात शस्त्र घेणाऱ्या माणसानं आधी स्वतःला आवरायला शिकावं, ही या खेळाची पहिली शिकवण. ती पदकाच्या व्यासपीठावर दिसतेच. पण तिचं मूळ अशा आठ लेनच्या रेंजवर, नळीतल्या केशरी दोऱ्यात आणि दुसऱ्याच्या कार्डावर प्रामाणिकपणे मांडलेल्या आकड्यात आहे. मोठे नेमबाज हवे असतील तर अशा रेंजा आधी हव्यात.

मिसळीला कुठं जायचं यावर आता जोरात वाद सुरू झालाय. दुकानदार काका मात्र आपल्या शेवटच्या दहा शॉट्सची कार्डं टेबलावर मांडून प्रशिक्षकांना दाखवतायत. डावीकडची, खालची भोकं विरळ झाली आहेत.

"मंगळवारी दुकान बंद केल्यावर आलो तर चालेल का? अर्धा तास नुसता ट्रिगर करतो. पेलेट नकोच."

"या की," प्रशिक्षक म्हणतात, "रेंज उघडी ठेवतो."