विचारलं तर कमी, मोजलं तर जास्त

मधुमेह आणि रक्तदाब म्हणजे बसून खाणाऱ्यांचे आजार, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. ती नुसती पारावरच्या गप्पांतून आलेली नाही, तिला सरकारी आकड्यांचंही पाठबळ आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) गेल्या पंधरा दिवसांत आपण आजारी होतो असं खेड्यांतल्या ६.८ टक्के लोकांनी सांगितलं आणि शहरांतल्या ९.१ टक्के लोकांनी. घरखर्चाची ऐपत वाढत जाते तसतसं हे प्रमाणही चढत जातं. राज्यांची उतरंड लावली तर केरळ सगळ्यात आजारी निघतं आणि बिहार ठणठणीत. हाच हिशेब ठाणे जिल्ह्यात लावला, तर उल्हासनगरचा व्यापारी आणि बदलापूरच्या नव्या संकुलातला नोकरदार रोगट ठरेल, आणि अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यासारख्या कष्टकरी वस्तीतला माणूस धडधाकट. माझ्या मते ही उतरंड आजारांची कमी आणि डॉक्टर कोणाच्या आवाक्यात आहे याची जास्त आहे. मोजण्याची रीत बदलली की ती डळमळते, आणि मृत्यू मोजायला घेतले की बरीचशी उलटी होते.

दीर्घकालीन आजारांत ही गफलत अधिक होते, कारण त्यांना नाव डॉक्टर देतो. ताप आला की माणसाला कळतं. रक्तदाब १६०च्या वर गेला तरी वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्याचं डोकं ठणकलं तर तो मेडिकलमधून एक गोळी घेतो आणि कामावर जातो. पाहणी करणाऱ्याने ‘बीपी आहे का?’ विचारलं तर ‘नाही’ हे त्याचं उत्तर अगदी प्रामाणिक असतं. वर्षातून एकदा सगळ्या चाचण्या करून घेणारा मात्र तितक्याच प्रामाणिकपणे ‘हो, गोळी चालू आहे’ म्हणतो. अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केरळ आणि बिहार यांची तुलना करून नेमकं हेच दाखवलं होतं: जिथे शिक्षण आणि दवाखाने जास्त, आयुर्मानही जास्त, तिथलेच लोक आजार जास्त सांगतात. आपल्या आजाराची ओळख पटायलाही थोडीफार सुबत्ता लागते.

आता विचारणं बाजूला ठेवून मोजू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासात घरोघरी जाऊन रक्तातली साखर तपासली गेली. २०१७ साली पंधरा राज्यांचे जे निष्कर्ष आले, त्यांत शहरी लोकांत मधुमेह ११.२ टक्के होता आणि ग्रामीण लोकांत ५.२ टक्के, म्हणजे जुन्या समजुतीला अजून जागा होती. पण त्याच निबंधात एक वेगळी रेघ उमटलेली दिसते. चंडीगड, तमिळनाडू आणि महाराष्ट्र या तुलनेने सुस्थितीतल्या भागांच्या शहरांमध्ये गरिबांत मधुमेह श्रीमंतांपेक्षा जास्त सापडला. चंडीगड शहरात तर वरच्या गटात १२.९ टक्के आणि खालच्या गटात २६.९ टक्के. आधी आजार पैशाबरोबर येतो. मग स्वस्त तेल, साखर, मैदा सगळ्यांच्या ताटात पोचतात. वरचा वर्ग हळूहळू सावध होतो आणि आजार खालच्या गल्लीत मुक्कामाला जातो. महाराष्ट्राची शहरं या वळणावर कधीच येऊन ठेपली आहेत.

इथे एक रास्त आक्षेप आहे. बोट टोचून एकदा साखर पाहिली, दंडाला पट्टा बांधून एकाच भेटीत दाब घेतला, याला निदान म्हणायचं का? डॉक्टरच्या दृष्टीने नाही. पण अशी चूक झाली तर ती सगळ्याच गटांत होणार. ती गरिबांच्याच बाजूने झुकेल असं मानायला कारण नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोजलेली साखरसुद्धा देशपातळीवर संपत्तीबरोबर वाढतानाच दिसते. हे खरं आहे, आणि ते लपवून माझा मुद्दा पुढे नेता येणार नाही. मात्र देशाच्या सरासरीत खेड्यांचा वाटा मोठा आहे. आणि मुळात ‘आज किती लोकांना आजार आहे’ हा आकडाच थोडा फसवा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी पाहून नळाची धार कळत नाही, कारण तळाशी तोटीही उघडी असू शकते. ज्या गटात औषधपाणी होतं, तिथले रुग्ण वीस-वीस वर्षं जगतात आणि प्रत्येक पाहणीत मोजले जातात. ज्या गटात होत नाही, तिथले लवकर जातात आणि मोजणीतूनही जातात. रुग्ण दगावल्यामुळे आजाराचं प्रमाण कमी दिसावं, हा संख्याशास्त्राचा क्रूर विनोद म्हणायला हवा.

म्हणून मृत्यूंकडे पाहायचं, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात पस्तिशीपुढच्या सुमारे १,४८,००० लोकांची नोंद करून पुढे २००३पर्यंत त्यांच्यातले मृत्यू टिपले गेले. वयाचा फरक हिशेबात घेतल्यावर, कॉलेज शिकलेल्या पुरुषांत वर्षाला लाखामागे ११८७ मृत्यू होते आणि निरक्षरांत २१५४. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू पुरुषांत सर्वाधिक कुठे, तर प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांत: लाखामागे ६५४. कॉलेजवाल्यांत ४५०. दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतले एप्रिल २०११ ते मार्च २०१३ मधले मृत्यू तपासले, तेव्हा मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुसंख्य रुग्ण घरीच गेले. राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एकात, लठ्ठपणाचा फारसा मागमूस नसताना, हे मृत्यू होत होते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीनेही २०१८च्या अहवालात दर चार आदिवासी प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब असल्याचं नोंदवलं. विचारत बसलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

‘पण कष्ट करणारा सडपातळ माणूस, त्याला साखर कशी?’ याचं उत्तर पुण्याने दिलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत बरीच मागे होती, पण कातडीखालच्या चरबीत फारशी नव्हती. गर्भात अन्न अपुरं पडलं की शरीर काटकसर करतं, आणि ती स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाट्याला येते. असं मूल मोठेपणी काट्यावर हलकं भरेल, पण रक्तातली साखर हाताळण्याची त्याची कुवत मुळातच तोकडी असते. पुढे त्याच्या जेवणात जरा बदल झाला, बैठं काम आलं, की तोल जातो. म्हणजे मागच्या पिढीची उपासमार हीच या पिढीच्या मधुमेहाची एक वाट. गरिबी कवच असल्याचा समज इथे पुरता उलटतो.

राहिला सवयींचा मुद्दा: तंबाखू, दारू, मिश्री. त्यांचा वाटा मोठा आहेच. पण लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात अगदी खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघालं, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं धरूनही त्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. सतरा देशांतल्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१४ साली याहून बोलकं चित्र मांडलं: गरीब देशांत हृदयविकाराला पोषक घटक कमी आणि मृत्यू जास्त. धोका कमी असूनही माणूस मरतो, याचा अर्थ उपचार वेळेवर पोचत नाहीत. ‘अमक्या समाजात हा आजार रक्तातच आहे’ हे वाक्यही जपून वापरावं. उल्हासनगरच्या संदर्भात ते एका ठिकाणी खरं आहे: सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, तो जनुकांचा मामला आहे आणि लग्नाआधीच्या रक्ततपासणीला तिथे खरोखर अर्थ आहे. रक्तदाबाला असं एका जनुकाचं उत्तर नाही.

बुवापाड्याकडे परत येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा जिल्ह्यापाशी थांबतो. ठाण्याची खाडी, उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथची वस्ती, सगळं एका सरासरीत. खालपर्यंत जाणारी व्यक्ती एकच, आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तिच्याकडे एक छापील यादी असते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, आणि आईवडिलांना बीपी, शुगर किंवा हृदयविकार होता का. उत्तरांना गुण, चारपेक्षा जास्त झाले की तपासणीला आधी पाठवायचं. शेवटचा प्रश्न पाहा. ज्याच्या वडिलांचा रक्तदाब कधी कोणी मोजलाच नाही आणि ते ‘झोपेत गेले’, तो ‘नाही’ म्हणतो आणि त्याला शून्य गुण मिळतात. हमाली करणाऱ्याला मेहनतीच्या रकान्यातही शून्य. एका पिढीचं न झालेलं निदान पुढच्या पिढीच्या रकान्यात असं उतरतं. सगळ्यांचीच तपासणी व्हावी असं ही यादी देणारा सरकारी कार्यक्रम सांगतो हे खरं, पण आशाताई सकाळी अकराला येते तेव्हा तो कामावर असतो आणि घराला कुलूप असतं.

यावर उपाय अवघड नाहीत. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तिथे औषधांचा क्रम ठरवून दिला, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात झाली, आणि मुख्य म्हणजे मोजायची गोष्ट बदलली: किती रुग्ण सापडले यापेक्षा, नोंद झालेल्यांपैकी किती जणांचा दाब गेल्या भेटीत १४०/९०च्या खाली होता. हा एक आकडा संध्याकाळी सातनंतर, पाळी सुटल्यावर, बुवापाड्यासाठी वेगळा आणि बदलापूरच्या संकुलांसाठी वेगळा काढता येतो. त्यासाठी एक पट्टा, एक वही आणि त्या वेळेला उघडा असलेला दवाखाना लागतो.