बांधाच्या आत खचलेली जमीन

आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १९७० रोजी जे चक्रीवादळ आदळले, त्यात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. २९ एप्रिल १९९१ च्या वादळाने सुमारे १ लाख ३८ हजार बळी घेतले. नोव्हेंबर २००७ मधील 'सिडर'च्या वेळी ही संख्या सुमारे ३,४०० होती, तर मे २०२० मधील 'अम्फान'च्या वेळी ती दोन आकडीच राहिली. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, पक्की आश्रयस्थाने आणि हजारो प्रशिक्षित स्वयंसेवक यांच्या बळावर एका गरीब देशाने मिळवलेले हे यश विकासाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

परंतु वादळ ही काही तासांची आपत्ती असते. त्याच किनाऱ्यावर, विशेषतः खुलना, सातखीरा व जेसोर या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत, गेली सहा दशके दुसरी एक आपत्ती अत्यंत संथ गतीने आकार घेत आहे. तेथील शेतजमीन खचत चालली आहे. आश्चर्य म्हणजे, तिचे मूळ तिच्या रक्षणासाठी बांधलेल्या बांधांतच आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्या दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ बंगालच्या उपसागराकडे वाहून आणतात. हा गाळ भरतीच्या पाण्याबरोबर दिवसातून दोनदा खाड्यांमधून पुन्हा आत येतो आणि सखल भागांत थर धरतो. त्रिभुज प्रदेशातील माती स्वतःच्या भाराने दबत असते. गाळाचा नवा थर ती तूट भरून काढतो. जमीनदारी काळातील शेतकऱ्यांना हे व्यवहारज्ञान होते. वर्षातील आठ महिने खारे पाणी अडवायचे आणि पावसाळ्यात, नद्यांचे पाणी गोडे असताना, ते शेतात येऊ द्यायचे, अशी 'अष्टमासी बांधा'ची पद्धत तेथे रूढ होती. १९५० च्या कायद्याने पूर्व बंगालमधील जमीनदारी संपली. ते न्याय्यच होते. पण बांधांच्या देखभालीची जबाबदारी घेणारे कोणी उरले नाही.

१९५४ ते १९५६ या काळातील महापुरांनंतर सरकारने हे काम हाती घेतले ते निराळ्या विचाराने. १९६० च्या दशकापासून परकीय साहाय्याने किनाऱ्यावर मातीचे कायमस्वरूपी बांध उभे राहिले. बांधांनी चहूबाजूंनी वेढलेल्या या क्षेत्रांना 'पोल्डर' हा डच शब्दच मिळाला. अशी १३९ पोल्डर असून त्यांखाली सुमारे १२ लाख हेक्टर क्षेत्र आहे. कोकणातील खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बांध आणि उघाडी ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक आहे तो आकारमानाचा.

आरंभीच्या दोन दशकांत भाताचे उत्पादन वाढले. त्यानंतर हिशेब उलटू लागला. शेतात जाण्याची वाट बंद झाल्याने गाळ नद्यांच्याच पात्रात साचला. पात्रे उंचावली, आतील जमीन मात्र खचत राहिली. उघाड्यांची दारे गाळाने बुजली आणि पावसाचे पाणी महिनोन्महिने शेतात तुंबू लागले. ३२ क्रमांकाच्या पोल्डरमधील जमीन पाच दशकांत बाहेरील सुंदरबनाच्या तुलनेत एक ते दीड मीटर खाली गेल्याचे मोजणीत आढळले आहे. याच काळात जगातील समुद्रपातळी जेवढी वाढली, त्याच्या कित्येक पट ही तूट आहे. हवामानबदल हे गंभीर संकट आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक अनर्थ त्याच्या खात्यावर टाकल्याने नियोजनातील चुका झाकल्या जातात.

लोकांनी फोडलेले बांध

यावरील उपाय प्रथम सुचला तो गावकऱ्यांना. १९९० मध्ये डाकातिया या बिलाचा, म्हणजे पाणथळ सखल प्रदेशाचा, बांध त्यांनी स्वतः फोडला. १९९७ मध्ये जेसोर जिल्ह्यातील भायना बिलातही तेच घडले. सुमारे चार वर्षे तेथे भरतीचे पाणी मोकळे खेळले. कापाजवळील जमीन मीटरभराहून अधिक उंचावली आणि ओहोटीच्या ओढीने लगतची हरी नदी खोल झाली. ज्या कृत्याला आधी कायदाभंग मानले गेले, तेच पुढे 'भरती-नदी व्यवस्थापन' या नावाने सरकारी धोरणात आले.

येथून पुढचा प्रश्न अभियांत्रिकीचा न राहता वाटपाचा होतो. बील तीन-चार वर्षे पाण्याखाली ठेवायचे, तर त्या काळातील पिकाचे नुकसान त्यातील काही शेकडो हेक्टरांच्या मालकांनी सोसायचे. निचरा सुधारल्याचा लाभ मात्र नदीकाठच्या असंख्य गावांना. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, तरच असा व्यवहार टिकतो. २००६ नंतर खुकशिया बिलात भरपाईची तरतूद होती. पण वारसनोंदी आणि कागदपत्रांच्या जंजाळात अनेक मालकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव तर कागदावर नसतेच. या अनुभवानंतर शेजारच्या कपालिया बिलातील शेतकऱ्यांनी २०१२ मध्ये योजनेला तीव्र विरोध केला आणि ती रखडली. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. वस्तुतः त्यांनी शेजाऱ्यांचा जमाखर्च पाहूनच निर्णय घेतला होता.

कोळंबीने या प्रश्नात आणखी गुंतागुंत निर्माण केली. निर्यातीत भाव चांगला मिळू लागताच १९८० च्या दशकापासून बाहेरच्या धनिकांनी जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन त्यांत खारे पाणी सोडले. भातशेतीच्या तुलनेत कोळंबीच्या तळ्यांना मजूर फारच कमी लागतात. त्यामुळे भूमिहीनांचे काम गेले, पिण्याचे पाणी खारे झाले आणि गवताअभावी गुरेही राखता येईनात. २२ क्रमांकाच्या पोल्डरमधील हरिणखोला येथे ७ नोव्हेंबर १९९० रोजी या आक्रमणाला विरोध करताना करुणामयी सरदार ही भूमिहीन स्त्री मारली गेली. त्या पोल्डरमध्ये पुढेही कोळंबीला शिरकाव मिळाला नाही, आणि तिचा स्मृतिदिन तेथे पाळला जातो.

या साऱ्यात भारताचाही संबंध येतो. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर उन्हाळ्यात गोराई नदीतून नैर्ऋत्य भागाकडे येणारे गोडे पाणी घटले आणि खारेपणा अधिक आत सरकला. डिसेंबर १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराने जानेवारी ते मे या महिन्यांतील वाटा ठरवून दिला. त्याची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्या करारात पाण्याचे माप आहे. गाळाचा उल्लेख नाही.

मे २००९ मध्ये 'आयला' वादळाने ३२ क्रमांकाचे पोल्डर फोडले. भगदाडे बुजवण्यास जवळपास दोन वर्षे लागली. तोवर हजारो कुटुंबे बांधावर झोपड्या घालून राहिली आणि कित्येक जण खुलना, ढाका येथे मजुरीला गेले. या हालअपेष्टांच्या काळातच भरतीने आतील जमिनीवर काही दशांश मीटर जाडीचा गाळ आणून टाकला. कित्येक वर्षांत प्रथमच तेथील जमीन उंचावली. पुढे जागतिक बँकेने २०१३ मध्ये मंजूर केलेल्या ४० कोटी डॉलरच्या प्रकल्पातून या पोल्डरचा बांध अधिक उंच व मजबूत करण्यात आला. गाळ आत घेण्याची सोय मात्र त्या बांधात नाही.