ओढ्यातले ओंडके : कचरा नव्हे, आधार

पावसाळा तोंडावर आला की वसई-विरार परिसरात नालेसफाईची लगबग सुरू होते. गाळ, प्लास्टिक, फांद्या, ओंडके, जे जे पाण्याच्या वाटेत येईल ते उपसून काढायचे, हा या सफाईचा सरळ नियम. शहरातील नाल्यांपुरता तो योग्यच आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन लोकल वाहतूक ठप्प झाली होती, ही आठवण येथे अजून ताजी आहे. डोंगरातील ओढ्यांचे गणित मात्र नेमके उलटे आहे.

जंगलातील ओढ्यात एखादे झाड आडवे पडले की पाण्याचा वेग मंदावतो. खोडावरून कोसळणारे पाणी खाली डोह कोरते, तर वरच्या बाजूस वाळू आणि पालापाचोळा साठतो. या पाचोळ्यावर बुरशी वाढते, त्यावर जलकीटकांच्या अळ्या जगतात आणि अळ्यांवर मासे व बेडूक पोसतात. पाऊस सरल्यावर ओढा आटू लागतो, तेव्हा हेच डोह जलचरांचा शेवटचा आसरा ठरतात. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या वलगणीच्या माशांनाही वाटेत विसाव्याला असा आडोसा लागतो.

अमेरिकेने हा धडा चूक करून घेतला. सामन माशांच्या वाटेत अडथळा नको म्हणून वायव्येकडील राज्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ओढ्यांतील लाकूड काढून टाकले. त्यामुळे डोह बुजले आणि माशांचे आसरे नाहीसे झाले. १९८० नंतर तेथे ओंडके मुद्दाम पुन्हा पाण्यात टाकले जाऊ लागले. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या पिकरिंग गावाने तर पूर रोखण्यासाठी हा मार्ग धरला. २००९ पासून गावाच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत लाकडी आडोसे रचले गेले. जोडीला झाडे लावली, मोठा मातीचा बांधही घातला. डिसेंबर २०१५ च्या मुसळधार पावसात गाव मोठ्या पुरातून बचावले.

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. २००३ मध्ये ते अभयारण्य झाले. तेथील ओढ्यांचे पाणी एकाच वेळी धावत खाली आले नाही, तर सखल भागावरील ताणही तेवढाच हलका होईल. अतिवृष्टीचे संकट एवढ्याने टळणार नाही, हेही खरे. शिवाय कोकणचा पाऊस युरोपच्या पावसासारखा संथ नसतो. सैल ओंडका पुराबरोबर वाहून एखाद्या मोरीत अडकला तर उपायच अपाय ठरेल. म्हणून लाकूड पात्राच्या रुंदीच्या दीड-दोन पट लांब आणि शक्यतो मुळांसकट असावे, काठच्या झाडांत वा खडकांत घट्ट अडकलेले असावे आणि वस्ती, पूल व मोऱ्यांपासून दूर असावे, हे पथ्य पाळावे लागते.

लाकडाची निवडही महत्त्वाची. जांभळाचे लाकूड पाण्यात सहसा कुजत नाही, म्हणून पूर्वी विहिरींच्या कामात ते वापरीत. अशी टिकाऊ खोडे ओढ्यात बराच काळ तग धरतात. अर्थात, यासाठी झाड तोडण्याची गरज नाही. आपोआप पडलेले झाड जागेवर राहू देणे हीच पहिली पायरी. त्यातही एक पेच आहे. वाळलेले लाकूड डोंगरपाड्यांवरील चुलींचे इंधन आहे. पाड्यांना परवडणारा गॅस मिळाला, तरच ओढ्यातले लाकूड ओढ्यात राहील.

नाला साफ हवा, ओढा मात्र भरलेला हवा. हा भेद जपला, तर डोंगरातले पाणी अंमळ उशिरा शहरात उतरेल आणि डोहांत अधिक काळ टिकेल.