अंगदुखी, सांधेदुखी आणि थायरॉईड : नेमका संबंध काय?



"फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात जातच नाही हो आता." आमच्या शाळेतल्या एक बाई स्टाफरूममध्ये असं म्हणाल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "वय झालं की होतंच असं!" बाईंनी पुढचं दीड वर्ष बाम, शेक आणि दुखण्याच्या गोळ्या यांवर काढलं. मग एका डॉक्टरांनी खांदा तपासता तपासता विचारलं, "वजन वाढलंय का? इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते का? पोट साफ होतं का?" रक्त तपासलं, तर थायरॉईडचं काम बरंच मंदावलेलं निघालं.

विज्ञानाच्या तासाला आपणच ही ग्रंथी शिकवतो, पण स्टाफरूममध्ये एकालाही ती आठवली नाही. म्हणून आजचा हा लेख.

ही ग्रंथी करते काय?

पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉईड. गळ्याच्या पुढच्या भागात, फुलपाखराच्या आकाराची. तिच्यातून टी ३ आणि टी ४ ही संप्रेरके रक्तात जातात. शरीरातल्या पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरायची, हे ती ठरवतात. ती कमी पडली की त्याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात आणि जास्त झाली की हायपरथायरॉईडिझम. दोन्ही त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बरेच जास्त आढळतात.

मग हातपाय का दुखतात?

१) स्नायू मंदावतात. स्नायूंना सतत ऊर्जा लागते. संप्रेरक कमी पडलं की ते हळू आकुंचन पावतात आणि त्याहून हळू सैल होतात. डॉक्टर घोट्यामागे छोटी हातोडी मारून बघतात ना? थायरॉईड मंद असेल तर झटका बसलेलं पाऊल जागेवर यायला जास्त वेळ घेतं. आपल्याला मात्र जाणवतं ते एवढंच की अंग जड झालंय, सकाळी आखडल्यासारखं वाटतंय, रात्री पोटऱ्यांत गोळे येतायत. मांड्या आणि खांद्यांचे स्नायू जास्त थकतात.

२) ऊतींमध्ये पाणी धरून ठेवलं जातं. पाणी शोषून धरणारे काही पदार्थ त्वचेखाली आणि सांध्यांभोवती साठतात. म्हणून चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि सांधे ताठरतात. मनगटातल्या अरुंद जागेतून जाणारी नस दाबली गेली तर बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते. पेपर तपासून हात दुखतोय असं समजून आपण तिकडे दुर्लक्ष करतो.

३) खांदा जखडतो. फ्रोझन शोल्डर हा त्रास मधुमेह आणि थायरॉईडचे विकार असणाऱ्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतो. आमच्या बाईंचं हेच झालं होतं.

थायरॉईड जास्त काम करत असेल तर?

तिथे दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो. जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. सोबत धडधड, घाम, हात थरथरणे आणि भूक चांगली असूनही वजन उतरणे. बरेच दिवस उपचार झाले नाहीत तर हाडेही ठिसूळ होतात.

तपासणी कधी करावी?

अंगदुखी काही आठवडे हटत नाही आणि सोबत खालीलपैकी दोन-तीन गोष्टी असतील, तर डॉक्टरांना थायरॉईडबद्दल नक्की विचारा :

• सतत थकवा, झोप येणे
• थंडी सहन न होणे
• वजन वाढणे, बद्धकोष्ठता
• केस गळणे, त्वचा कोरडी पडणे
• पाळी अनियमित होणे किंवा जास्त जाणे
• घरात कुणाला थायरॉईडचा त्रास असणे

पहिली तपासणी असते टीएसएच. रिपोर्ट वाचताना इथेच गोंधळ होतो. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड जोरात चाललंय असं नाही, बहुतेक वेळा उलटं असतं. वर्गातला मुलगा ऐकत नसेल तर आपण आवाज चढवतो. तसंच ग्रंथी सुस्तावली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी टीएसएचचा आवाज चढवते!

गोळी घेताना होणारी चूक

हायपोथायरॉईडिझमवर सहसा लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. सांधे दुखतात म्हणून अनेक जणी कॅल्शियमची गोळीही सोबतच घेऊन टाकतात. इथेच घोटाळा होतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर ठेवा.

गोळी सुरू झाली की लगेच दुखणं थांबेल असं नाही. डोस योग्य आहे का, हे साधारण ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून ठरवतात. स्नायू पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात आणि जखडलेल्या खांद्याला व्यायामही लागतोच. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका, वाढवूही नका.

सगळी दुखणी थायरॉईडची नसतात

हेही तितकंच महत्त्वाचं. सांधा लाल, गरम होऊन सुजत असेल तर संधिवाताची तपासणी हवी. ड जीवनसत्त्वाची कमतरता, गुडघ्यांची झीज, काही औषधे हीसुद्धा कारणं असतात. टीएसएच नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर तपास तिथेच थांबवू नका.

वर्गातल्या मुलांकडेही लक्ष असू द्या

एखाद्या मुलाची उंची वर्षभरात फारशी वाढली नाही, पूर्वी पळणारं मूल आता सुस्त बसतं, पाय दुखतात म्हणतं, अभ्यासातही मागे पडतंय, तर "आळशी आहे" असा शिक्का मारण्याआधी पालकांशी बोला. कारण थायरॉईडच असेल असं नाही, पण साध्या रक्त तपासणीने ती शंका तरी मिटते.

आमच्या बाईंचा हात आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत जातो, पण त्याला जवळजवळ वर्ष लागलं. त्याआधीचं दीड वर्ष मात्र "वयाचं आहे" या आमच्या एका वाक्यात गेलं. पुढच्या वेळी कुणी सहकारी किंवा घरातली आई "अंग दुखतंय गं" म्हणाली, तर बाम पुढे करताना एक प्रश्नही विचारा, "थायरॉईड तपासलंय का कधी?"